कयाधूकाठचा योग

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेला लागले की अर्धापूर मागे पडते आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे डोंगरकडा येते. गाव कळमनुरी तालुक्यातले. नावात डोंगर असला तरी रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात त्या केळीच्या बागा. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने या पट्ट्यात फिरले आणि ज्वारी-कापसाच्या वावरांत केळी आणि हळद आली. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात वर्षातून दोन वेळा माणसे रांगेने सतरंजीवर मांडी घालून बसतात. एकदा २१ जूनला, शाळेच्या मैदानावर. त्या दिवशी शिट्टी वाजते, ताडासन, वृक्षासन, प्राणायाम असा ठरलेला क्रम होतो, फोटो निघतो. मृगाचा पाऊस झालेला असेल तर मोठी माणसे पेरणीत असतात, त्यामुळे मैदानावर मुले, मास्तर आणि चार-दोन पुढारी एवढेच. दुसऱ्यांदा बसतात ती सप्ताहात. मंदिरापुढच्या मांडवात व्यासपीठावरचे चालक ओवी उचलतात आणि मागे दीडदोनशे माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक बाया, मांडीवर पोथी घेऊन ती म्हणतात. सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्या संपवायच्या असतात.

पहिल्या बैठकीला सगळे योग म्हणतात. दुसरीला कुणी म्हणत नाही. मला मात्र लहानपणापासून एक गोष्ट खटकत आली आहे. सप्ताहाच्या साधारण दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय येतो. मराठीत योगसाधनेचे जेवढे सविस्तर, जेवढे थरारक वर्णन कुठे असेल ते त्या अध्यायात आहे. मूलबंध, उड्डियान, जालंधर हे तिन्ही बंध, कुंडलिनीचे जागे होणे, तिने देहातल्या धातूंचा फडशा पाडणे, पुढे देहाला आलेली नवी कांती, हे सगळे खुरपणीहून आलेली बाई खणखणीत आवाजात वाचते आणि पान उलटते. तिला त्यातले काही करायचे नसते. मग सातशे वर्षे हा अध्याय गावोगाव वाचला जातो तो कशासाठी? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात, औंढ्याच्या नागनाथात आणि नर्सीच्या कयाधूकाठी सापडते.

आधी शब्दाकडे पाहू. माझी आजी योग हा शब्द दिवसातून चारदा वापरायची, पण आसनांच्या अर्थाने तिने तो कधीच उच्चारला नाही. पंढरपूरला जायचे राहिले की म्हणायची, "योग येऊ दे, मंग जाऊ." लग्न जमले की योग, माणूस अचानक भेटला की योगायोग, घर नीट चालले की योगक्षेम. मराठी बोलीत योग हा करायचा नसतो, यायचा असतो. करायचा असे तो अभ्यास किंवा साधन; आणि ते करणारा जोगी, दारावर येणारा, भगव्या कपड्यातला, थोडा भीतीचाही. म्हणजे भाषेने विभागणी केली होती. योग सगळ्यांचा, योगसाधना जोग्याची. ही विभागणी फार जुनी आहे आणि ती मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न तेराव्या शतकात मराठीतच झाला.

पतंजलीच्या योगसूत्रांत आठ अंगे आहेत आणि त्यांत आसन हे तिसरे. दोनशेच्या आत सूत्रे, त्यांतली आसनावर जेमतेम तीन. देह स्थिर आणि सुखाने बसवता आला की झाले, इतकेच त्याचे म्हणणे. चित्ताची धावपळ थांबवणे हा खरा विषय. पुढच्या काळात नाथसिद्धांनी देहालाच प्रयोगशाळा केले. श्वास, नाड्या, बंध, मुद्रा यांचे शास्त्र वाढवले. त्या परंपरेतल्या गहिनीनाथांकडून त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना ही विद्या मिळाली. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत आणि त्यांत कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानदेवांच्या सहाव्या अध्यायात पाचशेला थोड्या कमी ओव्या आहेत. गीतेत नसलेली नाथांची विद्या त्यांनी गीतेच्या टीकेत आणून बसवली, आणि ती नाथपंथाची खूण असल्याचे स्वतःच सांगितले. जी गोष्ट गुरूने शिष्याच्या कानात सांगायची, ती त्यांनी नेवाशाला भर सभेत, बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत सांगितली. हा मार्ग त्यांच्या दृष्टीने साधासुधा नव्हता. त्याला त्यांनी पंथराज म्हटले.

आता त्या अध्यायाची रचना बघण्यासारखी आहे. सुरुवातीला साधनेची जागा कशी हवी याचे वर्णन येते. इतकी रम्य, की विलासी माणसालाही तिथे तप करावेसे वाटावे. पाणी निर्मळ, झाडे फळांनी लवलेली, माणसांची वर्दळ नाही, मधूनच एखादी कोकीळ. मग आसन, मग बंध, मग कुंडलिनी. वर्णन कळसाला पोचते आणि अर्जुन खचतो. हे ऐकायला छान आहे, पण माझी योग्यता आहे का, असे विचारतो. कृष्णाच्या उत्तराचा आशय असा, की योग्यता म्हणजे काही बाजारात मिळणारा माल नव्हे आणि ती खाणीतूनही निघत नाही. जो नीट लागतो त्याला ती येते. आणि लगेच गोष्ट उतरते ती जेवण, झोप, चालणे, बोलणे यांच्या मापावर. फार खाऊ नये, फार उपाशी राहू नये. झोपेलाही वेळ असावी, जागण्यालाही. अरण्यातल्या त्या नितळ जागेपासून निघालेला अध्याय असा रोजच्या ताटाशी आणि अंथरुणाशी येऊन पोचतो. बाराव्या अध्यायात तर ज्ञानदेव योगमार्गाचे कष्ट मोजून दाखवतात आणि भक्तीची वाट सोपी म्हणून हातात देतात. अठराव्यात आपापल्या वाट्याच्या कामालाच पूजेचे स्थान देतात. पंथराजाचे मोठेपण त्यांनी कुठे नाकारलेले नाही. त्यावरचे दार मात्र उघडे करून ठेवले.

लोककथेने हाच विचार स्वयंपाकघरात नेला. महीपतींनी 'भक्तविजय' १७६२ मध्ये पुरा केला. त्यात संतांच्या ज्या कथा आहेत त्या तोपर्यंत कीर्तनांत चांगल्या घोळल्या होत्या. त्यांपैकी मांड्यांची गोष्ट प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. भावाला मांडे खायची इच्छा झाली म्हणून मुक्ताबाई कुंभाराकडे परळ आणायला गेली आणि विसोबा चाटी या गृहस्थाने तिला ते मिळू दिले नाही. ती रडत घरी आली. ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि बहिणीने भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. कथा चमत्काराची म्हणून सांगतात, पण तिचा विनोद कुणी लक्षात घेत नाही. योग्याने आयुष्य घालवून मिळवलेली सिद्धी इथे कशाच्या कामी आली? एका पोरीचा स्वयंपाक अडला होता, त्याच्या. चांगदेवांच्या कथेतही तसेच. चौदाशे वर्षे काळाला हुलकावणी दिलेला योगी वाघावर बसून येतो आणि शेवटी शिष्य होतो तो मुक्ताबाईचा. महाराष्ट्रात योगसिद्धीचा पराभव लहान मुलीच्या हातून झाला, हे आपल्या परंपरेने मोठ्या आवडीने लक्षात ठेवले आहे.

मांड्यांच्या कथेतला तो विसोबा पुढे पस्तावतो, शरण येतो आणि त्याचा विसोबा खेचर होतो. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, आणि त्यात खेचरी मुद्रेचीही छटा आहे. मराठीत खेचर म्हणजे ओझ्याचे जनावरही. त्याचा हेका पाहून हे नाव पडले असेही सांगतात. एकाच शब्दात सिद्ध आणि खेचर दोन्ही मावतात, आणि हे विसोबाला शोभते.

औंढ्याचे नागनाथ मंदिर यादवकाळातले. खालचा कोरीव दगडी भाग जुना आणि वरचे शिखर नंतरचे, हे साध्या डोळ्यांनाही कळते. गाभारा खाली आहे. अरुंद वाटेने अंग चोरून, वाकून उतरावे लागते. परंपरा नामदेव-विसोबांची भेट इथलीच सांगते. नामदेव तोवर विठ्ठलाशी बोलणारा, लाडका भक्त. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली तेव्हा हे मडके कच्चे निघाले आणि त्याला गुरू करायला धाडले. तो औंढ्याला येतो तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव रागावतो. म्हातारा म्हणतो, माझ्याच्याने हलवत नाहीत बाबा, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलतो, ठेवतो. जिथे ठेवतो तिथे पिंड उगवते.

ही गोष्ट देव सर्वत्र आहे एवढेच सांगते असे आपण समजतो. पण सहाव्या अध्यायाच्या शेजारी ती ठेवून वाचावी. योगाची पहिली अट जागा ही होती. शुद्ध, एकांतातली, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांची घडी घातलेली. विसोबाने ती अटच काढून घेतली. पवित्र नसलेली जागा जर उरतच नसेल, तर आसन कुठे टाकावे हा प्रश्नही उरत नाही. शिंप्याच्या दुकानात टाकले तरी चालते. रा. चिं. ढेरे यांनी विसोबांच्या नावावरच्या 'षट्स्थल' या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. षट्स्थल ही वीरशैवांची संकल्पना, भक्तापासून ऐक्यापर्यंतच्या सहा पायऱ्यांची. ज्या परंपरेत लिंग देवळात न ठेवता अंगावर बाळगतात, तिच्याशी परिचय असलेला माणूस पिंडीवर निवांत पाय ठेवून पडला असेल तर त्यात उद्दामपणा नाही. त्याच्या विचाराला धरूनच ते आहे. हे माझे अनुमान, पण औंढ्याच्या कथेला त्यामुळे जमीन मिळते.

औंढ्याची दुसरी कथा देऊळ फिरल्याची. नामदेवांना दारातून उठवले, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देवळाने तोंड फिरवले. तिथला नंदी मागच्या बाजूला असल्याचा दाखला आजही भाविकांना देतात. मात्र या कथेचा जुना पुरावा मराठीत शोधण्यापेक्षा पंजाबात शोधावा. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे महीपतींच्या दीडशे वर्षे आधी, नामदेवांच्या नावाने एक शबद मल्हार रागात आहे. हीन जातीचा म्हणून देवळातून हाकलल्याची तक्रार त्यात आहे, आणि देवाने देऊळ नामदेवाकडे वळवल्याचे सांगणेही. गावाचे नाव त्यात नाही. औंढ्याने ती कथा आपली मानली, आणि नर्सी एवढ्या जवळ असताना ती मानणे साहजिकच होते.

नर्सी बामणी, आजचे नर्सी नामदेव, हे हिंगोलीपासून जवळ, कयाधूच्या काठावर. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे १२७० चा. समाधी १३५० ची. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन देवगिरीवर आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. नामदेव त्यानंतरही पुष्कळ जगले आणि उत्तरेत गेले. पंजाबातल्या घुमानला त्यांची स्मृती आजही जागती आहे. आदिग्रंथातली त्यांची ६१ पदे माझ्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहेत, आणि आपण मराठी वाचक त्यांच्याकडे फार कमी वळतो.

रामकली रागातली पदे घ्या. एका पदात इडा, पिंगळा, सुषुम्ना ही नाथांची सगळी परिभाषा नामदेव सहज वापरतात. म्हणजे त्यांना ती ठाऊक होती; अज्ञानाने सोडली असे नव्हे. दुसऱ्या एका पदात ते चित्त एकाग्र होणे म्हणजे काय ते सांगतात, आणि तिथे अरण्य नाही, मृगाजिन नाही. कागदाचा पतंग उडवणारा पोरगा आहे. सवंगड्यांशी गप्पा मारतो पण लक्ष दोरीत. डोक्यावर घागर घेऊन हसतखिदळत येणाऱ्या पोरी आहेत, लक्ष घागरीत. पाच कोसांवर चरणारी गाय आहे, लक्ष वासरात. पाळण्यात लेकरू निजवून घरात राबणारी आई आहे, लक्ष पाळण्यात. पतंजलीच्या धारणेची, म्हणजे चित्त एका जागी बांधण्याची, याहून नेमकी उदाहरणे मला कुठल्या भाष्यात आढळलेली नाहीत. विशेष हे की या चारही चित्रांत कुणी बसलेले नाही.

कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, नामदेवा, मायेत काय गुंतलास, कापड कसले छापत बसलास? नामदेव उत्तर देतात, त्याचा भाव असा की मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी सगळे काम करावे, चित्त निरंजनाशी ठेवावे. निरंजन हा शब्द नाथांचा. काम शिंप्याचे. पंजाबात या उत्तराचे मोल फार मोठे ठरले. नाम जपणे आणि कष्टाची कमाई करणे हे शीख आचाराचे दोन खांब आहेत, आणि त्यांच्या आधाराला हा संवाद पुन्हा पुन्हा दिला जातो. घुमानला एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरले. दोनच महिन्यांनी, २१ जूनला, पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. एकाच वर्षी दोन्ही गोष्टी घडल्या, पण त्या दोन्ही एकमेकींना ओळखत आहेत असे तेव्हाच्या एकाही भाषणातून मला जाणवले नाही.

इथे एक अडचण सांगितलीच पाहिजे. कामात राहून चित्त निरंजनाशी ठेवले असे नामदेव म्हणतात, पण घरच्यांची साक्ष वेगळी आहे. गोणाई आणि राजाई यांच्या तोंडचे अभंग गाथ्यात आहेत. मुलगा धंदा टाकून देवाच्या मागे लागला, ही आईची आणि घरात दाणा नाही, ही बायकोची तक्रार. रोजच्या जगण्यातला योग म्हणताना त्या रोजचा भार कुणाच्या डोक्यावर होता, हे या दोघींनी लिहवून घेतले, आणि संप्रदायाने ते गाळले नाही, हे विशेष. त्याच घरात गंगाखेडची जनाबाई होती. दळण, कांडण, शेणी वेचणे, पाणी भरणे. तिच्या अभंगांत देव येऊन जात्याला हात लावतो. नामदेवांना काम आणि नाम यांची सांगड घालावी लागली. जनीला तशी घालायची सवडच नव्हती. जाते थांबले तर घर थांबणार. म्हणून मला ती नामदेवांपेक्षाही या विचाराची खरी कसोटी वाटते.

तरी कष्टाचे कौतुक जपून करावे. हळदीच्या वावरात दिवसभर उकिडवी बसून खुरपणारी बाई मालासन करतेच की, असे म्हणणारे शहरी लोक मला भेटले आहेत. त्या बाईची कंबर पंचेचाळिशीत धरते. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईला शेवटची दहा वर्षे सरळ उभे राहता आले नाही. तिचा सगळा जन्म खुरप्यावर गेला होता. काम म्हणजे व्यायाम नव्हे आणि श्रम म्हणजे साधना नव्हे. नामदेव-जनाबाई कामाला योग म्हणाले ते चित्ताच्या बाजूने. देहाच्या बाजूचे उत्तर त्यांनी दिलेले नाही, आणि ते त्यांच्याकडून मागणेही बरोबर नाही. ते यायला विसावे शतक लागले.

गंमत अशी की ते आले त्यातले एक गाव पुन्हा औंधच. हे साताऱ्याकडचे. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. राज्यातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये लंडनला त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. त्या काळात सूर्यनमस्कार योगासनांत मोडत नसत. तो तालमीचा आणि उपासनेचा व्यायाम होता. समर्थ रामदासांचे नाव त्याच्याशी जोडलेले. आज दोन्ही एकाच सतरंजीवर होतात, ही मिसळण शंभर वर्षांतली आहे.

दुसरे ठिकाण लोणावळा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, नर्मदाकाठच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले, अमळनेरला शिकवले आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाच्या पोटाची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली, आतला दाब मोजला. ज्ञानदेवांच्या सहाव्या अध्यायात जो उड्डियान कुंडलिनीला डिवचायला येतो, तोच इथे पोटाच्या स्नायूंचा प्रयोग म्हणून आला. कुंडलिनीबद्दल यंत्र काही बोलले नाही. पोटाबद्दल पुष्कळ बोलले. कुवलयानंदांचा प्रामाणिकपणा असा की जे मोजता आले तेवढेच त्यांनी मोजले म्हणून सांगितले. त्यांचेच 'यौगिक संघव्यायाम' हे पुस्तक; रांगेत उभे राहून, हुकुमावर, एकत्र करायची आसने त्यात बसवली आहेत. डोंगरकड्यासारख्या गावातल्या शाळेच्या मैदानावर जी शिट्टी वाजते तिचा एक उगम त्या पुस्तकात आहे.

मराठवाड्यात हे वारे उशिरा पोचले, कारण हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. इथे देहाच्या साधनेचे दोन अड्डे. एक गावची तालीम. दुसरा आर्य समाज, ज्याच्या संध्येत प्राणायाम होता आणि ज्याच्या व्यायामशाळांतून हैदराबादच्या लढ्याला पोरे मिळाली. डोंगरकड्याच्याच तालुक्यात आखाडा बाळापूर आहे. आखाडा म्हणजे कुस्तीची माती आणि आखाडा म्हणजे गोसाव्यांचा तळ, हे दोन्ही अर्थ मराठीत शेजारी नांदतात. देह कमावणे आणि देह विसरणे यांना एकच शब्द पुरला.

गोसावी म्हटले की मला थांबावे लागते. योगाच्या सगळ्या इतिहासात ज्यांनी ते नाव अंगावर वागवले ते जोगी, नाथपंथी डवरी गोसावी, भटक्या जमातींच्या यादीत आहेत. भगवी वस्त्रे, डमरू, दारोदार भिक्षा. माझ्या लहानपणी ते आले की आजी सुपात पीठ घेऊन उभी राहायची आणि आम्ही पोरे तिच्या पदराआड. २१ जून २०१८ ला गावोगाव चौथा योग दिन झाला. दहा दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. भिक्षा मागायला आले होते ते. ज्या पंथाने मराठीला कुंडलिनी दिली, ज्याचा शब्द ज्ञानेश्वरीत आला, त्याच्या वंशजांना ओळखणारे त्या बाजारात कुणी नव्हते. योग दिनाच्या मांडवात जोगी बोलावलेला मी आजवर पाहिलेला नाही. बोलावून त्याने काय करावे, असे कुणी विचारेल. भैरवाची गाणी म्हणावीत. ती त्याला येतात.

मध्यंतरी याच रस्त्यावरच्या एका गावात सप्ताहाला बसलो होतो. दुसरा दिवस, सहावा अध्याय चालू. बाहेर ट्रॅक्टरमध्ये केळीचे घड भरत होते, त्याचा आवाज. माझ्या पुढच्या रांगेत साठीची एक बाई, गुडघे मुडपत नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाचत होती. कुंडलिनी जागी झाली, भुकेने खवळली, धातू खाऊन तृप्त झाली. बाईचे बोट ओवीवरून सरकत होते, ओठ हलत होते, आणि दर चार-पाच ओव्यांनी ती मान वळवून मांडवाच्या कडेला साडीच्या झोळीत निजलेल्या नातवाकडे बघत होती. ओवी चुकली नाही.

सुटीत चहाच्या वेळी मी तिला विचारले, "मावशी, ह्या अध्यायातलं काय कळतं?"

ती म्हणाली, "कळतंय की. लई अवघड हाय म्हन्तेत माउली. म्हनून मंग वाचायचं." आणि पोर उठले म्हणून झोका द्यायला गेली.